कॉपीवाल्या काकू आणि माझा जळफळाट

आमच्या ऑफिसात कॉपी काढायला आलेल्या प्रत्येकाला काकू एकच प्रश्न विचारायच्या, "हे कोन वाचनार?" माणूस म्हणायचा, चाळीस कॉपी पाहिजेत. काकू चष्मा कपाळावर सरकवून कागद उलटसुलट बघायच्या आणि त्याला स्टुलावर बसवायच्या. "नावं सांगा," म्हणायच्या. तो नावं सांगायचा, काकू बोटांच्या पेरांवर मोजायच्या. बाराव्या-तेराव्या नावाशी गडी अडखळायचा. मग काकू तेरा कॉपी काढायच्या, एक नोटीस बोर्डासाठी वरून द्यायच्या आणि वर चहाही विचारायच्या. माणूस चिडून आत जायचा आणि हसत बाहेर यायचा. हे हसत बाहेर येणं मला सगळ्यांत जास्त खुपायचं.

मी काकूंवर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. त्यांचं कौतुक करणारी माणसं भिलाईत अजून पुष्कळ भेटतील. मनापासून हेवा करणारी बहुधा मी एकटीच, आणि जळणारा माणूस जितकं बारकाईने बघतो तितकं कौतुक करणारा कधी बघत नाही. तेव्हा काकूंबद्दल लिहायचा अधिकार माझाच आहे असं मी समजते.

छत्तीसगड वेगळं व्हायच्या बऱ्याच आधीचे, मध्य प्रदेशातले हे दिवस. आमची कंपनी मोठ्या कारखान्यांना लागणारे लोखंडी सांगाडे बनवायची. वर्कशॉप रसमड्याला आणि ऑफिस भिलाईत. मी लग्न होऊन नागपूरहून भिलाईतल्या कोहक्याला आले ती टायपिंगची दोन सर्टिफिकेटं ट्रंकेत घालूनच. ऑफिसात माझं काम स्टेन्सिल कापायचं. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. मेणाच्या पातळ कागदावर टाइप करायचं, प्रत्येक अक्षर कागदाला छेद देऊन जायचं, मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवून आमचा चपराशी रामाधीन हँडल फिरवायचा आणि एकामागून एक प्रती बाहेर पडायच्या. चूक झाली की लाल औषध लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि वर परत अक्षर ठोकायचं. माझ्या स्टेन्सिलवर लाल ठिपका क्वचित दिसायचा. टेंडर भरायच्या दिवसांत मोठमोठे इंजिनियर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, "मैडम, हमारा पहले." ते 'पहले' ऐकायला मला फार आवडायचं.

काकू तेव्हा ऑफिसात पाणी द्यायच्या. त्यांचे मालक रसमड्याच्या वर्कशॉपात फिटर होते. ते काविळीने गेले आणि कंपनीने काकूंना कामावर घेतलं. माहेर तिरोड्याकडचं, धानाची, म्हणजे भाताची शेती करणारं. शिक्षण नववी. राहायला जवळच्या उतई गावात, तिथून रोज टेम्पोने यायच्या. माझ्या टेबलावरचा पेला त्या सगळ्यांच्या आधी भरायच्या आणि पदराला हात पुसत विचारायच्या, "काय वं बाई, बोटं नाही दुखत का तुही?" तोवर आमचं दोघींचं उत्तम चाललं होतं. जो आपल्या वाटेत नाही त्याच्यावर माया करायला कष्ट पडत नाहीत.

मग कॉपीचं मशीन आलं. शिकवायला नागपूरहून एक टायवाला पोरगेला इंजिनियर आला. मोठ्या साहेबांनी मला मुद्दाम पुढे बसवलं. मी वही उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि मिटून ठेवली. बटण दाबायचं आणि कागद उचलायचा, यात शिकायचं काय, असं मी चारचौघांत म्हणालेसुद्धा. काकू मागे पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. इंजिनियर गेला आणि दुसऱ्याच दिवशी मशीनने कागद गिळला. साहेब, मी, रामाधीन, सगळे भोवती जमलो. मी ओढला तर तो फाटला. काकूंनी ट्रे खाली ठेवला, बाजूचं दार उघडलं, रूळ बोटाने हळूच फिरवला आणि उरलेला तुकडा अख्खा बाहेर काढला. "जिकडे जाऊन राहिला तिकडेच जाऊ द्या लागते त्याले," त्या म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि म्हणाले, "तो फिर मशीन इन्हीं को दे दो."

मला वाटलं होतं, नववी पास बाई महिनाभरात रडकुंडीला येईल. ती आली नाही. जुलैत कागद दमट व्हायचा आणि मशीन अडून बसायचं. काकूंनी कागदाच्या कपाटात साठचा बल्ब टांगला, तो दिवसभर जळायचा आणि आतला कागद पापडासारखा कोरडा राहायचा. कागदाची थप्पी मशीनमध्ये घालण्याआधी त्या तिच्या कडा मोकळ्या करून घ्यायच्या. दुसऱ्या बाजूला छापायचं असेल तर आधीची बाजू निवू द्यायच्या, "गरम गरम घातलं तं गुंडायी होते त्याची." सकाळी आलेली कामं आलेल्या क्रमाने कधी घ्यायच्या नाहीत. आधी सगळे लांब कागद, मग सगळे आखूड, म्हणजे ट्रे दिवसातून एकदाच बदलायचा. जी माणसं माझ्या टेबलाशी अर्धा अर्धा दिवस ताटकळायची, त्यांचं काम काकूंकडे जेवणाच्या सुट्टीआधी तयार असायचं.

आणि टेंडरचे संच लावायची त्यांची रीत बघायला तर शेजारच्या ऑफिसातली माणसं यायची. ऐंशी पानांचं एकेक टेंडर, असे बारा संच. पूर्वी आम्ही टेबलाभोवती गोल गोल फिरून पानं उचलायचो, कोणाचं पान सुटायचं, कोणाचं दोनदा लागायचं. काकूंनी ऑफिसातली चार लांब टेबलं एका ओळीत लावली. डाव्या हातावर एका पानाच्या बारा कॉपी घ्यायच्या आणि उजव्या हाताने एकेक ठेवत मागे मागे जायचं. मागे बघायचं नाही. रामाधीन आणि आणखी दोघे त्यांच्यासमोर तसेच मागे सरकायचे. मी विचारलं, "काकू, उलट्या कावून चालून राहिल्या?" त्या म्हणाल्या, "रोवन्यात मागंच जावा लागते वं. पुढं चाललं तं आपल्याच पायाखाली येते लावलेलं." धानाचं रोप लावल्यासारखी ती पानं लागत जायची. एकदा टेंडर दुपारी तीनला शेजारच्या दुर्ग शहरात पोचवायचं होतं आणि शेवटचं पान साडेबाराला हातात आलं. सव्वा वाजता बारा संच शिवून, तपासून साहेबांच्या टेबलावर होते. एक पान इकडचं तिकडे नव्हतं. मी तीन-तीनदा तपासून बघितलं, चूक सापडावी म्हणून.

घरी आमचे हे चिडवायचे. "आज काकूचं काय नवीन?" म्हणायचे, कारण रोज संध्याकाळी भाजी निवडताना मी त्यांच्याबद्दलच बोलायचे. एकदा मी भाजी टाकून आत गेले आणि रडले. मला कोणी 'हमारा पहले' म्हणून आता वर्ष होत आलं होतं. माझा टाइपरायटर झाकलेलाच असायचा. दिवसाला दोन पत्रं, एखादा तक्ता. इंजिनियर लोक माझ्या टेबलावरून सरळ काकूंच्या खोलीकडे जायचे आणि आतून त्यांचं हसणं ऐकू यायचं. काकू मात्र माझा पेला अजूनही स्वतः भरून ठेवायच्या. ते काम आता त्यांचं नव्हतं, तरी. त्या पेल्याचाही मला राग यायचा.

अशात मुंबईच्या हेड ऑफिसातून एक फॉर्म यायला लागला. मशीनवर एक मीटर होतं, प्रत्येक कॉपीला त्याचा आकडा एकाने पुढे जायचा. दर महिन्याला हा आकडा कळवायचा आणि त्याला कामाच्या दिवसांनी भागून 'उत्पादकता' काढायची. जितक्या जास्त कॉपी तितकं जास्त काम. बाकीच्या शाखांचे लोक हुशार होते, महिनाअखेरीला कोरे कागद चालवून आकडा फुगवायचे. आमच्या शाखेचा आकडा तळाला. रामाधीनने काकूंना बाकीच्यांची युक्ती सांगितली तेव्हा मी दारात होते. काकू म्हणाल्या, "कोरा कागद काळा करू अन् मंग फेकू? असं काम तं आमच्या मायनं नाही शिकवलं."

त्याच सुमारास साहेबांनी मला बोलावून सांगितलं की स्टेन्सिलचं टेबल बंद होणार. कॉपीच्या खोलीत एकच पक्की जागा, इनचार्जची. ती काकूंना किंवा मला. दुसरीला रसमड्याच्या वर्कशॉपात जायचं, मजुरांची जॉब कार्डं, म्हणजे कोणाला कोणतं काम त्याच्या चिठ्ठ्या, लावायला. तिथे लोखंडाची धूळ, घणांचा आवाज, आणि बायकांना बसायला धड जागा नाही. मी घाबरले. पण खरं सांगायचं तर रसमड्याच्या भीतीपेक्षा दुसरंच काही होतं. ती खोली मला काकूंच्या हातातून काढून घ्यायची होती. मी साहेबांना म्हणाले, "सर, मीटर की रीडिंग तो आप देख ही रहे हैं." साहेब म्हणाले, "लिखकर दो."

मी लिहून दिलं. टेबलावर टाइप केलं असतं तर येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचलं असतं, म्हणून घरी बसून फाउंटन पेनने लिहिलं. चांगल्या निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, साहेबांसाठी हिंदीत. मीटरचा आकडा किती कमी आहे. लोक चाळीस कॉपी मागतात तेव्हा तेरा-चौदाच मिळतात. मशीन दुपारनंतर बंद उभं असतं. आणि काकूंचं नाव घालून, त्या 'केवल नौवीं पास' आहेत. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटं लिहिलं असतं तर निदान मला मागाहून ते नाकारता आलं असतं.

पंधरा दिवसांत ऑर्डर निघाली. खोली मला, रसमडा काकूंना. काकूंनी तीन दिवस मला काम समजावलं. काहीही हातचं राखून ठेवलं नाही. बल्ब कधी बदलायचा, कोणत्या आवाजाला मशीन थांबवायचं, कोणत्या साहेबाला खरंच चाळीस कॉपी लागतात आणि कोण नुसतं म्हणतो. मी वही घेऊन बसले, पण लिहून घेतलं नाही, कारण त्यांच्यासमोर लिहून घेणं म्हणजे मान्य करणं झालं असतं. जाताना त्या मशीनच्या झाकणावरून हात फिरवत म्हणाल्या, "हिले घाई नको करत जाऊ वं बाई." एवढंच बोलल्या आणि टेम्पो सुटेल म्हणून निघाल्या.

त्यानंतर माझ्या राज्यात काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण तेच या गोष्टीतलं सगळ्यांत गमतीचं आहे. मला मशीन जमेना. कागद अडकायचे, तिरपे यायचे, काळे यायचे. तेरा चांगल्या कॉपींसाठी वीस वाया जायच्या. आणि मीटरला चांगली कॉपी आणि वाईट कॉपी यातला फरक कळत नव्हता. आमचा आकडा भराभर चढला. तीन महिन्यांत आम्ही तळातून वर आलो. मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं, साहेबांनी पेढे मागवले आणि म्हणाले, "देखा, पढ़े-लिखे का फर्क." टोपल्यात वाया गेलेल्या कागदांचा ढीग होता. रामाधीन पेढा खाता खाता त्या ढिगाकडे बघत होता, आणि मी रामाधीनकडे बघत नव्हते.

पेढ्यांचा पुडा उचलला गेल्यावर साहेबांनी आमच्या बदलीच्या प्रकरणाची फाइल माझ्याकडे दिली, कपाटात लावून टाका म्हणून. आत माझा निळ्या शाईतला अर्ज होता. कोपऱ्यात साहेबांचा शेरा होता, बदली ठरवणाऱ्या समितीच्या सभासदांसाठी पाच कॉपी. तो मी दोनदा वाचला. आमच्या ऑफिसात पाच कॉपी काढायची एकच जागा होती आणि तिथे एकच बाई बसायची. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

अर्जाच्या मागे आणखी एक कागद होता. तोही माझ्याच अक्षरातला, पण काळा. एव्हाना मला मशीनची एक खोड कळली होती. त्या मशीनला निळी शाई दिसायची नाही, निळं लिहिलेलं फिकट धुक्यासारखं यायचं. मी शिकायला बसले असते तर हे मला आधीच कळलं असतं आणि मी काळ्या शाईत लिहिलं असतं. माझ्या अर्जाची पहिली कॉपी तशीच फिकट आली होती आणि कोणीतरी त्या फिकट कॉपीवर काळ्या पेनाने एकेक अक्षर गिरवून काढलं होतं, म्हणजे तिच्यावरून पाच कॉपी ठळक निघाव्यात. दोन पानं भरून. माझं वळण कुठेही न बिघडवता. 'केवल नौवीं पास' हेसुद्धा, आणि त्याच्या आधीचं स्वतःचं नावही. मी रामाधीनला बोलावून विचारलं. त्याने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "काकू दो घंटा बैठके करिया करे रहिस, मैडम. बोलिस, काकरो ले झन बताबे." दोन तास बसून काकूंनीच ते काळं केलं होतं आणि कोणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी रसमड्याला गेले. जाताना मनात हजार वाक्यं जुळवली होती. काकू वर्कशॉपच्या पत्र्याच्या खोलीत बसल्या होत्या. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा ठोकून जॉब कार्डं टांगलेली होती, लाल, पिवळी, हिरवी. दारातून एक वेल्डर आत आला, कार्ड हातात घेऊन म्हणाला, "काकू, हमारा पहले." आणि सांगू का, मी माफी मागायला गेले होते, तरी ते ऐकून मी जळलेच.

तो गेल्यावर मी म्हणाले, "काकू, तुमी तो कागद वाचला होता."

"हो."

"गिरवला कावून मंग? फिकाच जाऊ द्यायचा होता. समितीतल्या कोनालेच वाचता आला नसता."

"त्याइले वाचाचाच होता नं तो," त्या म्हणाल्या. "पाच लोकाइले वाचाचा होता."

"तुमाले राग नाही आला?"

"आला नं. लय आला. दोन दिवस जेवली नाही मी. तुह्या टेबलावर पेला ठेवताना वाटे, पानी ओतून द्यावं तुह्या मशीनवर." त्यांनी हातातलं कार्ड खिळ्याला अडकवलं. "पन राग आला म्हून का कागद फिका काढू? काम माह्या हाताचं होतं. ते तुह्या नावानं कावून खराब करू मी?"

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. बाहेर घण पडत होते. मग त्यांनी विचारलं, "मशीन कशी आहे?" मी म्हणाले, चांगली आहे. मी मीटरचं, पेढ्यांचं काही सांगितलं नाही. त्या कार्डं सारखी करत म्हणाल्या, "कधी कधी तिचा आवाज आठवते मले. सकाळी चालू केली की कशी गरम होत जाये, मस्त वाटे." तेव्हा मला समजलं की मी त्यांची जागा घेतली नव्हती. त्यांना जे आवडत होतं ते घेतलं होतं, आणि मला ते आवडतसुद्धा नव्हतं.

मी साहेबांना दुसरा अर्ज दिला, काकूंना परत आणा म्हणून. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, आकडा इतका छान असताना कोण बदल करेल. मी सगळं खरं सांगितलं, वाया गेलेल्या कागदांचंसुद्धा. ते हसले, त्यांना तो माझा विनय वाटला. मग मी हळूहळू शिकले. बल्ब लावला, कागद निवू दिले, टेबलं ओळीत लावून मागे मागे चालले. आकडा उतरला, दोन-तीन ताकिदी आल्या, त्या मी सोसल्या. लोक मला चांगलं म्हणायला लागले. नवीन आलेली मुलं विचारायची, मॅडम, ही युक्ती तुमची का? दर वेळी मी नाव सांगायचे, आणि दर वेळी सांगताना जरा जड जायचं. ते जड जाणं शेवटपर्यंत गेलं नाही.

काकू निवृत्त व्हायच्या आधीच वारल्या, थोड्या दिवसांच्या तापाने. तेरवीला मी उतईला गेले. अंगण रसमड्याच्या माणसांनी भरलं होतं. वेल्डर, ओझी उचलणारे खलाशी, गेटवरचे पहारेकरी, आणि ती थोराड माणसं गुडघ्यात डोकं घालून रडत होती. कोणी काकूंचं बोलणं सांगत होतं, कोणी त्यांनी एकदा त्याला कसं झापलं ते. काकूंच्या लेकीने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आई तुमचं नाव घेत होती, तुमचं अक्षर बहुत सुंदर आहे म्हने." मी पेला हातात धरून बसून राहिले. त्या माणसांनी काकूंचं काही वाईट केलेलं नव्हतं, त्यांना मोकळेपणाने रडता येत होतं. मला त्यांचा हेवा वाटला.